एडविना मराठी बोलेल म्हणून

आमचे अप्पा मालिका बघत नाहीत. मालिका लागलेली असते आणि अप्पा त्याच खोलीत असतात, एवढंच. हातात पेपर, पेपराच्या वरच्या कडेला टेकलेला चष्मा आणि चष्म्यासमोर टीव्ही. पान तासभर उलटत नाही.

जन्मभर इतिहास शिकवलेल्या माणसाला प्रेमकथा बघायची तर काहीतरी सबब लागते. 'ब्रिजर्टन'च्या दुसऱ्या सीझनने ती पहिल्याच भागात त्यांच्या हातात ठेवली. लंडन, साल 1814, लग्नाच्या मुलींचा हंगाम. हिंदुस्थानातून शर्मा नावाच्या दोघी बहिणी आईबरोबर तिथे येतात. धाकटी एडविना उपवर. तिचे गुण सांगितले जातात: फ्रेंच येतं, लॅटिन येतं, हिंदुस्तानी येतं आणि मराठीही येतं.

पेपर खाली आला.

"मराठी म्हणाले का गं?"

माईंनी मागे नेऊन पुन्हा ऐकवलं. मराठीच. ती सतार वाजवते आणि 'मारूली'ही वाजवते, असंही त्यात होतं. "मुरली म्हणा, मुरली!" अप्पा टीव्हीवर ओरडले. वर्गात ओरडायचे तसेच. पण रागावलेल्या आवाजात खुशी लपत नव्हती. त्या क्षणापासून अप्पांचं बघणं हे बघणं राहिलं नाही, ते संशोधन झालं. "ती मराठी बोलेल तेव्हा मला हाक मार," असं माईंना सांगून ते तिथेच बसून राहिले.

घरोघरी असा एक अप्पा असतो. बायको रडते म्हणून तो रुमाल आणून देतो आणि परत जायचं विसरतो. आमच्या अप्पांकडे रुमालाऐवजी सनावळी आहे. राणी शार्लटच्या दरबारात फुलांच्या माळा चढल्या की ते म्हणतात, "या साली पुण्यात कोण? दुसरा बाजीराव! आणि संगमावर कोण? इंग्रजांचा रेसिडेंट एल्फिन्स्टन! 1811 पासून तळ ठोकून. इकडे हे नाचतायत, तिकडे तो पेशवाईचे कागद चाळतोय." लेडी व्हिसलडाउन नावाची कुणी अज्ञात बाई गावभरच्या कुलंगड्यांचं पत्रक छापते. तिला ते 'अखबारनवीस' म्हणतात. तो आवाज ज्यूली अँड्र्यूजचा आहे, हे मी सांगितलं तेव्हा ते क्षणभर शिक्षक राहिले नाहीत. ब्रिजर्टनांच्या आठ भावंडांची नावं ए पासून एच पर्यंत ओळीने ठेवलेली आहेत, यावर मात्र ते मनापासून खूश. हजेरी घ्यायला सोयीचं.

खरी पंचाईत झाली ती थोरल्या केटमुळे. ती आपल्या दिवंगत वडिलांना 'अप्पा' म्हणते. पहिल्यांदा ती तसं म्हणाली तेव्हा आमच्या अप्पांनी पेपरामागून चक्क ओ दिली. मग सावरून म्हणाले, "शर्मांच्या घरात अप्पा कुठून आला?" धाकटी तिला दीदी म्हणते, ती धाकटीला बंगाल्यांसारखं 'बोन' म्हणते. एकाच घरात तीन प्रांत. अप्पांनी निकाल दिला, "आडनाव चुकलंय. मूळचे कोकणातले असणार." माईंनी त्यांच्याकडे बघितलं सुद्धा नाही. तेव्हा पडद्यावर एडविनाला बघायला आलेला थोरला ब्रिजर्टन, सरदार अँथनी, तळ्यात पडून बाहेर येत होता, आणि पांढरा सदरा अंगाला चिकटला होता.

"कापड बघ," अप्पा म्हणाले. "ढाक्याची मलमल जायची तिकडे."

"मी कापडच बघतेय," माई म्हणाल्या.

कथा तशी आपल्या गल्लीतली. बघायला आला धाकटीला आणि जीव जडला थोरलीवर. पण इथे बोटाला बोट लागायचं तर आधी हातमोजा काढावा लागतो, आणि हातमोजा काढायला या लोकांना दोन भाग लागतात. एका मधमाशीच्या चाव्यावर त्यांनी जेवढा श्वास खर्च केलाय तेवढ्यात आपल्याकडे दोन बारशी उरकतात. पहिलं चुंबन थेट सहाव्या भागात, तेही मोडलेल्या लग्नाच्या रिकाम्या चर्चमध्ये. माझी मुलगी पहिल्या भागानंतरच कंटाळून निघून गेली. अप्पा-माई हलले नाहीत. ज्यांच्या लग्नाआधी एकूण भेटी दोन आणि दोन्ही वेळा खोलीत अकरा माणसं, त्यांना ही चाल संथ वाटत नाही. 

"मला बघायला आले तेव्हा हे पूर्ण वेळ भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते," माईंनी मला एकदा सांगितलं होतं. "पोहे संपले तरी महिना संपेना."

त्याच सहाव्या भागात एडविनाला हळद लागते. व्हायोलिनवर 'कभी खुशी कभी गम'ची धून. माई गुणगुणायला लागल्या. अप्पा सावरून बसले. हळद म्हटल्यावर आता तरी एखादी ओवी, निदान एखादं 'अगं बाई' येईल! काही नाही. आपल्या मालिकांत हळद लागली की आठवडाभर वाळत नाही, इथे ती बघता बघता उरकली.

आठही भाग संपले. अप्पांना मराठीचं एक वाक्य ऐकू आलं नाही. "आपलं लक्ष नसताना बोलून गेली असेल," असं म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी पुन्हा पहिल्यापासून लावलं. या वेळी पेपर घेतला नव्हता. पाचव्या भागात मी आत डोकावलो तर माईंचा हात त्यांच्या हातात होता. मला बघून त्यांनी तो सोडला आणि म्हणाले, "अरे, 1802 चा वसईचा तह..."

तिसऱ्या सीझनमध्ये एडविना नाहीच, हे मी त्यांना सांगून ठेवलंय. तो त्यांचा दोनदा बघून झालाय.