पाठमोरं अस्वल, पुढारलेले आम्ही

हल्ली नुसतं फिरायला जाता येत नाही, जबाबदारीनं जावं लागतं. आमच्या सोसायटीनं यंदा ताडोब्याची सहल ठरवली तेव्हा आयोजकांनी माहितीपत्रक पाठवलं. त्यात ‘जबाबदार’ हा शब्द 11 वेळा होता आणि रोज जेवणात गोड काय, याचा उल्लेख 12 वेळा. वाघ काय सगळेच दाखवतात, आम्ही अस्वल दाखवतो, असा त्यांचा दावा. मराठी बहुधा यंत्राकडून करून घेतलं असावं, कारण मथळा होता ‘आळशी अस्वलाचे जबाबदार दर्शन’.

या आळसाचं खापर एका इंग्रजावर फुटतं. 1791 साली जॉर्ज शॉ नावाच्या प्राणिशास्त्रज्ञानं आपल्या अस्वलाच्या लांब नख्या पाहून त्याला थेट दक्षिण अमेरिकेतल्या, झाडाला उलट्या लटकणाऱ्या ‘स्लॉथ’चा भाऊबंद ठरवून टाकलं. चूक पुढे सुधारली, पण ‘स्लॉथ बेअर’ हे नाव चिकटलं ते चिकटलंच. सातबाऱ्यावर एकदा चुकीचं नाव चढलं की काय होतं, ते ज्याला ठाऊक आहे त्याला याचं नवल वाटणार नाही. रात्र रात्र वारुळं उकरत हिंडणाऱ्या जनावराला आळशी म्हणणारे आम्ही, पहाटे साडेचारला दार वाजवलं म्हणून रिसॉर्टच्या मॅनेजरला फैलावर घेत होतो.

निघताना सगळ्यांना टीशर्ट मिळाले. सेंद्रिय कापसाचे, पाठीवर अस्वलाचं चित्र. तपकिरी रंगाचं, धबधब्यात उभं, तोंडात हा एवढा मासा! ताडोब्याचं अस्वल काळं असतं. ते वाळवी, मुंग्या, मध, मोहाची फुलं, तेंदूची फळं खातं, आणि त्याचे पूर्वज कधी अलास्काला गेल्याचं ऐकिवात नाही. पण पैसे भरून झाले होते, आणि टीशर्ट घोट्यापर्यंत येत असूनही सेक्रेटरींनी तो घातला होता. मी गप्प बसलो.

गेटपाशी मोबाइल बाहेर ठेवायची वेळ आली तेव्हा पहिला हुंदका ऐकू आला. ताडोब्यात मोबाइल आत नेता येत नाही, हे माहितीपत्रकात बारीक अक्षरात होतं. पण बारीक अक्षर वाचायला चष्मा लागतो आणि चष्मा बॅगेत असतो. ‘‘मग आपण जबाबदारीनं वागलो, हे लोकांना कळणार कसं?’’ सेक्रेटरींनी विचारलं. प्रश्न अगदी मुळाला हात घालणारा होता. सुदैवानं त्यांच्या आयटीतल्या जावयाकडे कॅमेरा होता. त्याची लेन्स पाहून मला आमच्या गच्चीवरच्या टाकीचा पाइप आठवला.

जिप्सीत आम्ही सहा, वर गाइड आणि ड्रायव्हर. गाइड जवळच्याच गावातला, पंचविशीतला पोरगा. त्यानं सांगितलं, अस्वलाची नजर बेताची, पण नाक असं की जमिनीखालची वाळवी हुंगून काढतं. आमच्यातल्या दोघी-तिघींनी आणि एका पुरुषानं अंगावर जे शिंपडलं होतं ते पाहता, त्या जंगलातल्या प्रत्येक अस्वलाला आमची गाडी कुठल्या वळणावर आहे हे एव्हाना कळलं असावं. आमच्या मावशींना वेगळीच काळजी. ‘‘का रे बाळा, हे गुदगुल्या करून मारतं म्हणतात ना?’’ सेक्रेटरींना शाळेतली गोष्ट आठवली, दोन मित्र आणि अस्वलाची. श्वास रोखून मेल्यासारखं पडायचं, हुंगून निघून जातं. पोरगा शांतपणे म्हणाला, ‘‘गाडीतून उतरलंच नाही, तर यातलं काहीच करावं लागत नाही जी.’’

संध्याकाळी उन्हं कलताना त्यानं हात वर केला. इंजिन बंद. साठेक पावलांवर एक वारूळ आणि त्यात डोकं खुपसलेला, काळ्या केसांचा मोठा ढीग. ढीग हलला तेव्हा कळलं, ही पाठ. मग आवाज आला. आधी फू करून माती उडवायची, मग ओठांची नळी करून वाळवी सुर्रकन ओढायची. वरचे मधले दोन दात त्याला निसर्गानंच दिलेले नाहीत, तेवढी खिंड या कामासाठी मोकळी. माती जाऊ नये म्हणून नाकपुड्याही मिटता येतात. आमचे आजोबा बशीत ओतलेला चहा असाच ओढायचे, आणि त्यांनाही मध्येच कुणी हाक मारलेली खपत नसे. मी खरंच भान हरपून ऐकत होतो.

ही शांतता चाळीस सेकंद टिकली.

‘‘वळेल ना हे?’’ सेक्रेटरी. ‘‘पाठच बघायची तर...’’ वाक्य त्यांनी पुरं केलं नाही, पण शुक्‌ शुक्‌ केलं. गाइडनं ओठांवर बोट ठेवलं. मग त्यांनी जिप्सीच्या लोखंडी दांड्यावर अंगठीनं टकटक केली. गाइडनं हात जोडले. जावई कुजबुजला, ‘‘कर्नाटकात बघा, हंपीजवळ दरोजीला. 1994 पासून अस्वलांचं अभयारण्य. खडकांना गोड पाक फासून ठेवतात, दुपारी अस्वलं आपली आपण खाली येतात, आपण मनोऱ्यावर बसून बघायचं. याला म्हणतात सिस्टिम!’’

माझ्या लहानपणी आमच्या आळीत दरवेशी यायचा. अस्वलाच्या नाकात दोरी, दरवेश्याच्या हातात काठी, आणि आम्ही पोरं ‘नाच, नाच’ म्हणून ओरडायचो. मग आजी पोरांसाठी अस्वलाच्या केसाचा ताईत विकत घ्यायची. ते प्रकरण कायद्यानं बंद झालं, फार बरं झालं. नाकातली दोरी आणि खडकावरचा पाक यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, तोही मला मान्य. पण जनावरानं आपल्या वेळेला यावं आणि आपल्याकडे तोंड करून उभं राहावं, ही बघ्यांची मागणी काही आळीतून हललेली नाही. तिनं फक्त सेंद्रिय कापूस घातलाय.

तेवढ्यात दुसरी जिप्सी आली. ‘‘काही दिसलं?’’ आम्ही अभिमानानं बोट दाखवलं. ‘‘अच्छा, फक्त अस्वल,’’ म्हणून गाडी पुढे गेली. 1972 च्या वन्यजीव कायद्यात वाघ आणि अस्वल पहिल्याच अनुसूचीत मांडीला मांडी लावून बसलेत. जिप्सीत मात्र अस्वलाचं पान शेवटच्या पंगतीला. त्या ‘फक्त’नं आमच्या गाडीचा नूर पालटला. ‘‘पुढे वाघ असेल का?’’ मावशींनी विचारलं. अस्वलाला सोडून जाणं हे त्या दिवशी आमच्या हातून घडलेलं सर्वांत जबाबदार कृत्य होतं, आणि ते आम्ही वाघाच्या आशेनं केलं. वाघ दिसला नाही.

परतताना पोरगा आपणहून बोलायला लागला. ‘‘मार्च-एप्रिलात आमची माय पहाटे मोह वेचाले जाते. अंधार रायते. अस्वल बी मोहच खायाले येते. दोघंही खाली मुंडी घालून. एकदम समोरासमोर आले का मग...’’ त्यानं अंगठा कपाळावरून कानापर्यंत ओढला.

‘‘म्हणजे दर वर्षी साइटिंग!’’ सेक्रेटरींच्या आवाजात निखळ हेवा होता.

‘‘होते ना जी. बुकिंग लागत नाही.’’

रात्री रिसॉर्टवर जावयानं फोटो दाखवले. 114 फोटो. सगळ्यांत एक काळा डाग, आणि शेवटच्या तिनांत सेक्रेटरींचा कान. कान स्पष्ट आला होता. आयोजकांच्या अभिप्राय-पत्रात ‘वन्यप्राण्यांचा अनुभव’ या रकान्यात सेक्रेटरींनी लिहिलं, ‘अस्वलाचे सहकार्य लाभले नाही.’ आमच्या सोसायटीच्या इतिवृत्तात ही ओळ दर महिन्याला असते. फक्त अस्वलाच्या जागी तिसऱ्या मजल्याचं नाव असतं.

सकाळी निघताना मी एक जास्तीचा टीशर्ट त्या पोराला दिला. त्यानं तो उलगडून उन्हात धरला, माशाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा माशाकडे पाहिलं.

‘‘मायले दाखवतो,’’ तो म्हणाला. ‘‘तिनं असं अस्वल पाह्यलं नसन.’’