सीमाप्रश्न सुटलेली जागा

बेळगावचा सीमाप्रश्न सत्तरीला आला. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली, १९६७ साली महाजन आयोगानं अहवाल दिला, २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. तेव्हापासून पुढची तारीख मिळणं हीच या प्रश्नाची प्रगती. मात्र शहराच्या कडेला काही हुशार माणसांनी तो परस्पर सोडवूनही टाकला आहे, याची आपल्या पुढाऱ्यांना अजून खबर नाही.

रीत सोपी आहे. पाच-सात सर्व्हे नंबर एकत्र करायचे. सभोवती उंच भिंत घालायची, भिंतीवर तार. फाटकाशी निळ्या शर्टातला पहारेकरी. आत बंगले, हिरवळ, पोहण्याचा तलाव आणि मधोमध क्लबहाऊस. झाली सीमा निश्चित! आम्ही इतकी वर्षं पाटसकर सूत्र घोकत बसलो: खेडं हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या, लोकेच्छा. यांचं सूत्र एकच, आणि ते चेकनं भरता येतं.

आत सगळे आहेत. मराठा आहेत, लिंगायत आहेत, जैन, सारस्वत, गुजराती, शिवाय बेळगावची हवा आवडली म्हणून इथंच राहिलेले निवृत्त कर्नल. रमीच्या टेबलावर चार भाषांची चार डोकी बसतात आणि भांडण झालंच तर जोकरावरून होतं. एक नोव्हेंबरला बाहेर एकीकडे राज्योत्सवाची मिरवणूक असते, दुसरीकडे काळ्या दिवसाची फेरी असते. आत त्या दिवशी सुट्टी असते. ब्रंच असतो.

फलकांचंच बघा. २०१४ च्या जुलैत येळ्ळूरच्या वेशीवरचा ‘महाराष्ट्र राज्य’ हा फलक हटवायला पोलिसांची फौज आली आणि त्यापायी गावाला लाठ्या खाव्या लागल्या. २०२४ साली कर्नाटकानं कायदाच दुरुस्त करून दुकानाच्या पाटीवर साठ टक्के कन्नड सक्तीचं केलं. चहाच्या गाड्यावालाही बिचारा पट्टी घेऊन आपल्या पाटीची लांबी-रुंदी मोजत बसला. क्लबवसाहतीला तसली चिंता नाही. तिचं नाव स्पेनमधल्या नाहीतर इटलीतल्या एखाद्या गावाचं असतं. ते झोकदार कन्नड अक्षरांत रंगवलं की कायदा तृप्त. लिपी कन्नड, नाव स्पॅनिश, मालक मराठी. यापेक्षा मोठी राष्ट्रीय एकात्मता दिल्लीतसुद्धा सापडणार नाही.

सरकारी कागद मराठीतून मिळावेत म्हणून आपण मोर्चे काढतो, कलेक्टर कचेरीसमोर घसा कोरडा करतो, ते योग्यच आहे. पण क्लबची जाडजूड नियमावली इंग्रजीत येते तेव्हा आपलाच माणूस दाखवतील तिथं मुकाट सही करतो. “वाचलंस काय गा?” असं विचारलं तर म्हणतो, “वाचायचं काय त्यात? सगळ्यांनी केली की सही!”

आता आतल्या एखाद्या घरात डोकावू. (डोकावायला फोनवरच्या ॲपातून मंजुरी लागते. ती मिळाली असं धरून चालू.)

घरात पहिला भेटतो तो आज्जा. याचं आयुष्य टिळकवाडीत पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट यांच्यामध्ये गेलं. रेल्वेची ही फाटकं बंद असली की माणसं गाडी जाईपर्यंत थांबायची, तेवढ्यात दोन सोयरिकी ठरायच्या, एखादी मोडायची. इथं एकच गेट, आणि तिथं थांबून बोलायला मनाई. १९८६ साली कन्नडसक्तीविरोधात रस्त्यावर उतरलेली ही पिढी. आता हाच आज्जा आपल्या सख्ख्या मेव्हण्याला आत सोडावं म्हणून आसामातून आलेल्या पहारेकऱ्याशी हिंदीत अजिजी करतो: “हमारा ही आदमी है, छोडो की!” त्या वाक्यात मराठी फक्त शेवटच्या ‘की’पुरती उरलेली असते. ही सक्ती कुणी केली? कुणीच नाही. म्हणून तर मोर्चा निघत नाही. आणि निघाला तरी तो क्लबहाऊसच्या पायरीपर्यंत न्यायला व्यवस्थापकाची लेखी परवानगी लागेल.

आजीची तक्रार वेगळी. चैत्र लागला की सांडगे, कुरडया, पापड आणि संकेश्वरी मिरची यांना ऊन दाखवायचं हा तिचा वर्षाचा कार्यक्रम. इथं गच्चीवर आणि सज्जात काही वाळत घालायचं नाही, वसाहतीचं रूप बिघडतं. मिरची वाळवण्यासाठी बेळगावच्या उन्हाहून चांगली जागा जगात नाही असं तिचं मत, आणि ते मला मान्य आहे. पण नियम म्हणजे नियम. मग मे महिन्यात क्लबहाऊसमध्ये पारंपरिक खाद्यमहोत्सव भरतो. घागऱ्याचोळ्या नेसवलेल्या पोरी दारात कुंकू लावतात, पालथ्या कढईवर मांडे भाजून दाखवतात, एका बशीत दोन कुरडया ठेवून त्याचे पैसे घेतात. आजी ते पाहायला गेली. कुरडई कच्ची आहे, असं तिनं सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगितलं. पुढच्या महोत्सवाचं निमंत्रण तिला ॲपवर आलेलं नाही.

सुनेबद्दल मात्र टवाळी करणार नाही. ती खूश आहे, आणि तिचं बरोबर आहे. खासबाग-वडगावच्या गल्लीत रात्री नऊ वाजता ट्रॅकपॅन्ट घालून एकटी चालायला निघालेली बाई दुसऱ्या दिवशी चार घरांच्या चहाचा विषय व्हायची. इथं ती चालते, सायकल मारते, तलावात पोहते, कुणाच्या सासूला ते कळवलं जात नाही. भिंतीच्या आत हे मिळतं आणि बाहेर मिळत नाही, ही नामुष्की भिंत बांधणाऱ्याची नाही, आम्हा गल्लीवाल्यांची आहे. मोकळेपणा आम्ही फुकट द्यायला हवा होता. आम्ही दिला नाही, म्हणून बिल्डरनं तो चौरस फुटाच्या दरानं विकला.

पण याच सुनेच्या घरी भांडी घासायला जी मावशी येते ती मागच्या फाटकानं येते. तिचं कार्ड वेगळं, जाताना पिशवी तपासतात. तिचं घर भिंतीला लागून असलेल्या गावात. ज्या शिवारात बेळगाव बासमतीचा वास सुटायचा तिथं आता हिरवळीला दिवसातून दोनदा पाणी देतात. हलगा-मच्छे बायपासला जमीन द्यायची नाही म्हणून याच पट्ट्यातले शेतकरी कोर्टात आणि बांधावर वर्षानुवर्षं उभे राहिले, कारण तिथं घेणारं सरकार समोर दिसत होतं. प्लॉटवाला समोर दिसत नाही. तो भाचीच्या लग्नाच्या खर्चातून, भावाभावांच्या वाटणीतून आणि एजंटाच्या गोड बोलण्यातून येतो.

राहता राहिलं पोरगं. टेनिस, पोहणं, स्केटिंग. शिवजयंतीच्या चित्ररथांची आपल्याकडची मिरवणूक, जी वैशाखात निघते आणि दिवस उजाडेपर्यंत चालते, ती त्यानं मोबाइलवर पाहिली आहे. वसाहतीची शिवजयंती सात ते आठ, नंतर बुफे. आज्जानं एकदा त्याला विचारलं, “बाळा, आपण महाराष्ट्रात हाय की कर्नाटकात?” पोरगं गोंधळलं नाही. म्हणालं, “फेज टू.”

वीसेक वर्षं वकिलांनी मांडलेल्या बाजूंमध्ये इतकं नेमकं उत्तर आलेलं नसावं.

भिंतीवर अशी श्रद्धा ठेवणाऱ्यांना २०२२ च्या ऑगस्टात एका प्राण्यानं बरंच शिकवायला हवं होतं. पाच तारखेला जाधव नगरात बिबट्यानं एका बांधकाम मजुरावर झडप घातली आणि तो गोल्फच्या मैदानात गडप झाला. अडीचशे एकरांच्या आसपासचं मैदान, झाडी दाट, भर शहरात. आजूबाजूच्या बावीस शाळा बंद ठेवाव्या लागल्या. पिंजरे लावले, कॅमेरे लावले, ड्रोन उडवले. शेवटी शिवमोग्याजवळच्या सक्रेबैलू छावणीतून हत्ती मागवले. बिबट्या मधूनच एखाद्या कॅमेऱ्यात छायाचित्र द्यायचा आणि पुन्हा अदृश्य. सापडला नाही तो नाहीच. अख्ख्या बेळगावात त्या महिन्यात एकच चर्चा, एकच विनोद. माझं मत असं की त्याला पकडायची पद्धतच चुकली. क्लबाच्या कारकुनाकडे काम द्यायचं होतं. प्रवेश फी, डिपॉझिट, दोन सभासदांची शिफारस, मासिक वर्गणी, पार्किंग वेगळं. एवढं सांगितल्यावर बिबट्या स्वतःहून खानापूरच्या जंगलात निघून गेला असता.

मजेची गोष्ट बघा. पोरांना शाळा नव्हती, तर पालक म्हणाले, आमच्या भिंतीच्या आत सुरक्षित आहे. अहो, तो ज्या भिंतीवरून आला तीही भिंतच होती! मजूर जखमी झाला तो बांधकामावर. आणि बांधकामं कसली चालली आहेत हे शहराच्या कुठल्याही टोकाला गेलं तरी दिसतं.

क्लब हा प्रकार मुळात साहेबाचा, हे सांगायला नको; कॅम्पाच्या गावाला तर मुळीच नको. साहेबाच्या क्लबात भारतीय माणूस ट्रे घेऊन शिरायचा. भारतीयांनाही सभासद होता यावं म्हणून लॉर्ड विलिंग्डननं १९१८ साली मुंबईत विलिंग्डन क्लब काढला. आणि त्याच क्लबानं १९८८ साली मकबूल फिदा हुसेन यांना दारातून परत पाठवलं, कारण पायात वहाण नव्हती. चेन्नईत २०१४ साली वेष्टी नेसलेल्या उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना एका क्लबात अडवलं. तमिळनाडूनं महिन्याभरात कायदा करून हा प्रकार बंद पाडला. आपल्या कर्नाटकात २०२४ साली धोतर नेसून आलेल्या शेतकऱ्याला बेंगळूरूच्या एका मॉलनं आत घेतलं नाही, तेव्हा सरकारनं मॉलच आठवडाभर बंद करायला लावला. म्हणजे धोतराला अधूनमधून न्याय मिळतो. पायजमा-टोपीचं काय, हे एकदा आज्जाला घेऊन क्लबहाऊसच्या डायनिंग हॉलमध्ये तपासून पाहायला हवं. तो तयार आहे. मुलगा तयार नाही.

निपाणीकडे हे लोण अजून पुरतं पोचलेलं नाही. तिथं क्लब म्हटलं की पत्त्यांचाच डोळ्यांसमोर येतो. निपाणी हे मुळात सीमेची फारशी फिकीर नसलेलं गाव. पोरं राहतात कर्नाटकात आणि शिकायला जातात देवचंद कॉलेजात, जे अर्जुननगरात, म्हणजे कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. रोज राज्य ओलांडतात, कुणी पास विचारत नाही. कागलकडची मंडळी स्वस्त पेट्रोल भरायला उलट्या दिशेनं येतात. तंबाखूच्या भावासाठी १९८१ साली शरद जोशींबरोबर इथल्याच महामार्गावर हजारो शेतकरी ठाण मांडून बसले आणि सहा एप्रिलच्या गोळीबारात बारा जण गेले, तेव्हाही मेलेला मराठी की कन्नड हे आधी बघितलं गेलं नाही. सीमा खरी जाणवली ती २०२१ साली, कोगनोळी नाक्यावर कोरोनाचा आरटीपीसीआर दाखला मागायला लागले तेव्हा. लोक चिडले, आडवाटा शोधल्या, वर्तमानपत्रांना पत्रं लिहिली. आता त्याच निपाणीच्या आसपास महामार्गाला लागून बंगलो प्लॉटच्या जाहिराती झळकू लागल्या आहेत, आणि जाहिरातीत पहिलंच आकर्षण काय? चोवीस तास नाका. पैसे भरून.

शेवटी महाराष्ट्राच्या मंत्र्यांविषयी. २०२२ च्या डिसेंबरात चंद्रकांत पाटील आणि शंभूराज देसाई हे सीमाप्रश्नाचे दोन समन्वयक मंत्री बेळगावला येणार होते. तीन तारखेचा दौरा सहावर गेला, कर्नाटकानं येऊ नका म्हणून सांगितलं, प्रवेशबंदी झाली, दौरा रद्द झाला. आणि त्याच सहा तारखेला हिरेबागेवाडीच्या टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगड पडले. दोघांनाही कुणी नीट सल्ला दिला नाही. मंत्री म्हणून कशाला यायचं? एखाद्या क्लबवसाहतीतल्या सभासदाचे पाहुणे म्हणून यायचं. फाटकाशी वहीत नाव, गाडीचा नंबर, सभासदाची सही, पायात बूट, अंगात कॉलरवाला शर्ट. कोणतं राज्य, कोणती भाषा, कुणी विचारलं नसतं. पाहुण्यांची फी पडली असती, वर अठरा टक्के जीएसटी, आणि त्यातला निम्मा थेट बेंगळूरूच्या तिजोरीत. निदान तेवढ्यासाठी तरी कर्नाटक सरकारनं त्यांना अडवायला नको होतं.