अखर्चित निधी

आपल्याकडे दूध येण्याचा केवढा थाट असतो! डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शतावरी कल्प, मेथीची भाजी. बाळंतिणीच्या ताटात ‘याने दूध येतं’ असं सांगत वाढला जात नाही असा पदार्थच नसतो. मग बाळाची पाचवी होते, बारसं होतं, सहाव्या-सातव्या महिन्यात उष्टावण होतं, संक्रांत आली की बोरन्हाण होतं. आणि अंगावरचं दूध तोडायचं त्या दिवशी? ना ओटी, ना हळदीकुंकू, ना कुणाची साडी. बाईने गुपचूप बाथरूममध्ये जाऊन कळवळायचं आणि बाहेर येऊन कुकर लावायचा.

तोडायचं कधी, यावर मात्र सर्वांची मतं तयार असतात. सुरुवातीला जो भेटेल तो विचारायचा, “दूध पुरतं का गं त्याला?” पुढे तीच माणसं विचारू लागली, “अजून पितोय?” या दोन प्रश्नांच्या मध्ये एखादा तरी दिवस असा गेला असणार, की ज्या दिवशी माझं सगळं बरोबर चाललं होतं. तो बहुधा रविवार असावा आणि आम्ही कुणाच्या तरी लग्नाला गेलो असू.

चिरंजीव दीड वर्षाचे झाले तेव्हा मी ठरवलं, आता पुरे. नवऱ्याने फोनमध्ये बघून सांगितलं, की पहिले सहा महिने फक्त अंगावरचं आणि नंतर वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षं किंवा त्याहूनही पुढे, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. मी म्हटलं, तिला सांग, रात्री तीनला तूच ऊठ. लोकांना मी त्याच्या दातांचं कारण सांगत असे. खरं कारण एवढंच होतं, की मला आता नको झालं होतं. पण हे कारण आपल्याकडे चालत नाही. दात चालतात.

सासूबाईंनी घराण्याची पद्धत काढली: कडुनिंबाचा पाला वाटून लावायचा, पोर तोंड कडू करून आपोआप दूर होतं. लावला. चिरंजिवांनी तोंड वाकडं केलं, क्षणभर विचार केला आणि उरलेलं चाटून घेतलं. तिसऱ्या दिवशी तर पाला नव्हता म्हणून ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी जेवणात मीठ विसरले होते. आठवड्याने गुढीपाडवा आला. घरात कडुनिंब न थुंकता खाल्लेला माणूस तो एकटाच.

आमच्या डॉक्टरीणबाईंचा मार्ग संथ होता. एकदम तोडायचं नाही. दिवसातली एक वेळ बंद करायची, तीन-चार दिवस, जमलं तर आठवडा जाऊ द्यायचा, मग दुसरी. झोपतानाची सगळ्यात शेवटी. दुपारची वेळ माझ्या नोकरीने आधीच बंद केली होती. सकाळचीही सुटली. बेत कागदावर सुंदर दिसत होता. मग चिरंजीव आत्याकडे चार दिवस राहायला गेले, तिथल्या मांजरीवर त्यांचा जीव जडला आणि परत आल्यावर त्यांनी दुधाचं नावच काढलं नाही. मी जवळ घेतलं तर “म्याऊ” म्हणून ते खाली उतरले. एकतर्फी संप. नोटीस नाही, वाटाघाटी नाहीत.

त्याचं सुटलं. माझं सुरू झालं.

छाती दाटून येते म्हणजे काय, हे ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको आणि ज्यांना माहीत नाही त्यांना सांगून कळणार नाही. तरी सांगते. दगड होतो. तो दगड ठणकतो. दूध तयार करणारा भाग पार काखेपर्यंत गेलेला असतो, त्यामुळे हात अंगालगत खाली येत नाहीत. नुकतंच कुणीतरी कुस्तीला बोलावल्यासारखे दोन्ही हात जरासे फाकवून मी घरभर फिरत होते. कुशीवर झोपता येत नाही, पालथं पडायचा तर प्रश्नच नाही आणि लेकराने धावत येऊन मिठी मारली की वात्सल्याच्या आधी तोंडातून “आई गं!” निघतं.

आणि मी ठाण्याहून रोज लोकलने जाणारी. लेडीज डब्यात उभं राहायचं म्हणजे पुढच्या बाईची बॅग, मागच्या बाईचं कोपर आणि मधे आपण. वरची कडी धरायला हात उचलावा तर कळ, न धरावी तर कळव्याची बाई अंगावर. त्यात एके सकाळी डब्याच्या त्या टोकाला एक तान्हं पोर रडलं. माझा त्याच्याशी काही संबंध नव्हता. पण ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक, मूल कुणाचं आहे याची चौकशी करत नाही. रडणं ऐकलं की पान्हा सोडायचा, एवढंच त्याला ठाऊक. घाटकोपर येईपर्यंत कुडता भिजला. मी ओढणी पुढे ओढली. शेजारच्या मावशींनी आपली पर्स माझ्या छातीसमोर आडवी धरली आणि दादरपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिल्या. उतरताना एवढंच म्हणाल्या, “दोन-तीन हातरुमाल ठेवत जा गं आत.”

ऑफिसात मी लेखा विभागात आहे आणि दिवस मार्चअखेरचे होते. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं शास्त्र मला त्यामुळेच कळलं. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, की पंपाने सगळं काढून टाकलं तर मोकळं नाही का होणार? त्या म्हणाल्या, होईल, आणि तेवढंच परत भरेल. दूध साठून राहिलं, की त्यातलाच एक घटक नवं दूध बनणं मंद करतो. पूर्ण रिकामं केलं, की शरीर समजतं, मागणी आहे. मी टेबलावर हात मारला (आणि कळवळले). अहो, हा तर अखर्चित निधी! ज्या खात्याने मंजूर पैसे सगळे खर्च केले, त्याला पुढच्या वर्षी वाढीव तरतूद. ज्याचे पडून राहिले, त्याला कात्री. म्हणजे माझ्या अंगातही एक वित्त विभाग बसलेला आहे, त्याला विनंतीअर्ज समजत नाहीत, फक्त खर्चाचा तक्ता समजतो. तर आता निधी पडून राहू द्यायचा; फक्त तिजोरीच फुटायची वेळ आली, तर ठणका कमी होण्यापुरतं हाताने थोडं काढायचं आणि थांबायचं. हे ‘थांबायचं’ फार अवघड. सुटका सुरू झालेली असते आणि तेव्हाच हात आवरायचा. मार्चमध्ये खर्च आवरणारा अधिकारी मी अजून पाहिलेला नाही. तो मला स्वतःच व्हावं लागलं.

एवढं तत्त्व कळलं, तरी कळा थांबेनात आणि सल्ले तर त्याहून नाहीत. बाळंतपणात मालिशला येणाऱ्या मावशी फोनवर म्हणाल्या, “ताई, येऊन जोरात रगडून देते, गाठी फुटतील.” डॉक्टरीणबाईंनी डोळे वटारले. जोरात रगडलं की आतली सूज उलट वाढते. शेकही नको, कारण ऊब मिळाली की दूध आणखी सुटतं. थंड पट्ट्या ठेवा, दुखणं फार झालं तर साधी पॅरासिटामॉल घ्या. माझ्या आईने सांगलीहून सुचवलं, जुन्या पातळाची पट्टी करून छाती करकचून बांध. तिच्या पिढीने बांधली होती. आता तीही नको म्हणतात. घट्ट आवळल्याने दूध साकळतं, गाठ धरते. आधार देणारी ब्रा हवी, आवळणारी नको. मग नणंदेने विचारलं, “दूध बंद करायची गोळी असते ना?” असते. ब्रोमोक्रिप्टीन पूर्वी सर्रास देत. पण ती घेतलेल्या काही बायांमध्ये झटके, पक्षाघात, हृदयविकार असे प्रकार दिसले आणि १९९०च्या दशकात अमेरिकेत या कामासाठीची तिची परवानगी काढून घेतली. वैद्यकीय कारणाने दूध लगेच थांबवावंच लागलं तर डॉक्टर आजही गोळी देतात, पण माझ्या बाबतीत कारण काय होतं? मांजर.

राहिले मोगरा आणि कोबी.

मोगऱ्याचं सासूबाईंनी सांगितलं तेव्हा मी मनातल्या मनात हसले होते. छातीला मोगऱ्याची फुलं बांधायची, दूध आटतं. पण १९८८ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातल्या डॉक्टरांनी हाच प्रयोग करून छापला आहे. नुकत्याच बाळंत झालेल्या, पण पाजायचं नसलेल्या बायकांपैकी काहींना ब्रोमोक्रिप्टीन दिलं, काहींच्या छातीवर मोगऱ्याच्या माळा चिकटवल्या. रक्तातलं प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध बनवायला लावणारं संप्रेरक, गोळीने जास्त उतरलं. पण दाटणं, दूध आणि वेदनाशामकांची गरज या बाबतींत मोगरा गोळीच्या तोडीस तोड निघाला. शिवाय गोळीवाल्यांतल्या थोड्या जणींना नंतर दूध परत आलं. एकच जुना अभ्यास, त्यावर घर बांधू नये, हे मान्य. पण चैत्रात मोगरा स्वस्त असतो आणि ठाणे स्टेशनबाहेरची गजरेवाली डॉक्टरची चिठ्ठी मागत नाही.

संध्याकाळी गजरे बांधले. नवरा घरी आला, दारातच त्याला मोगऱ्याचा वास आला, तर स्वारीने आत जाऊन केस विंचरले. गजरे नक्की कुठे आहेत हे कळल्यावर तो “दूध घेऊन येतो” म्हणून खाली गेला. फ्रिजमध्ये दोन पिशव्या होत्या.

कोबीला मात्र सासूबाईंचा कडवा विरोध होता. “खायच्या वस्तूची ही कसली थट्टा!” मी सांगितलं, आई, ऑस्ट्रेलियात १९९५ साली कोबीची गार पानं आणि गार जेलच्या पिशव्या यांची तुलना झाली होती. दुखणं दोन्हींनी सारखंच कमी झालं, तरी बहुतेक बायकांनी कौल कोबीला दिला. “मग पिशव्याच लाव की,” म्हणाल्या. मुद्दा बिनतोड होता. पण पान कसं हवं तसं वळतं, वाटीसारखं बसतं आणि फाटलं तर हळहळ नाही. कोबीत काही औषधी गुण आहे की सगळी करामत गारव्याचीच, याचा पक्का निकाल अजून लागलेला नाही. दुखणाऱ्या माणसाला निकालाची घाई नसते.

कृती सोपी. पानं स्वच्छ धुवायची, फ्रिजमध्ये गार करायची, मधली जाड शीर लाटण्याने चेचायची, स्तनाग्र मोकळं ठेवून ब्राच्या आत बसवायची आणि कोमेजली की बदलायची. ही ‘कोमेजली की’ पायरी गांभीर्याने घ्यावी. अंगाच्या उबेने कोबी सावकाश शिजतो. एका संध्याकाळी परतीच्या लोकलमध्ये मुलुंडच्या आसपास पलीकडच्या सीटवरून आवाज आला, “कुणाच्या डब्यात कोबी राहिलाय गं?” चार जणींनी आपापले डबे उघडून पाहिले. मीही पाहिला.

हसण्यावारी नेऊ नये अशी एक गोष्टही आहे. एका बाजूला लालसर, गरम, दुखरा पट्टा उमटला, थंडी वाजून ताप आला, अंग मोडून आलं, तर कोबी, मोगरा आणि हा लेख सगळं बाजूला ठेवून डॉक्टर गाठायचे. आणि तेव्हा हट्टाने एकदम दूध तुंबवून ठेवायचं नाही. माझ्यावर ती वेळ आली नाही. माझ्यावर दुसरीच आली: रडू. दूध तोडताना प्रोलॅक्टिन, ऑक्सिटोसिन खाली येतात आणि काहींचं मनही त्यांच्याबरोबर उतरतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एकतीस मार्चला ताळेबंद पहिल्या फटक्यात जुळला आणि मी टेबलावर डोकं ठेवून हमसाहमशी रडले. साहेबांना वाटलं, जुळला नाही. त्यांनी घाबरून मला दुसऱ्या दिवशीची रजा दिली.

मग हळूहळू दगड मऊ होत गेला. कात्री लागली म्हणायची. थेंब दोन थेंब पुढेही कधीमधी दिसायचे, ते आठवडेच काय, महिनेही दिसू शकतात म्हणे. चिरंजीव कपातून दूध प्यायला लागले. मांजर मागायचे ते वेगळंच.

परवा सासूबाई फोनवर बोलत होत्या. त्यांच्या भाचीची मुलगी आता वर्षाची झाली आहे आणि भाची माझ्या वाटेला लागली आहे. मी दाराआड उभी राहून ऐकलं.

“अगं, कोबी आण. घट्ट गड्डा नको हो, जरा सैल पानांचा बघून घे. शीर लाटण्याने चेच. आणि सगळं दूध काढत बसू नको, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा मंजूर होतं.” पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. “छे गं, ऑस्ट्रेलिया कसली! आपल्याकडे पूर्वीपासून हेच करतात.”