झाडाची नोकरी

मराठी घरात झाडाला आधी नोकरी मिळते, मग कुंडी. तुळस पूजेची, पण खोकला झाला की काढ्याचीही. जास्वंद गणपतीसाठी, गवती चहा पावसाळ्यासाठी, कढीपत्ता फोडणीसाठी, कोरफड भाजल्यावर लावायला आणि उरली तर केसांना. ज्याला काहीच जमत नाही असा एखादा वेल घरात शिरलाच, तर मनीप्लँट म्हणून पैसा आणायची जबाबदारी त्याच्यावर टाकून आपण मोकळे होतो. नुसतं छान दिसतं म्हणून एखाद्या झाडाला रोज पाणी घालायचं, ही चैन आपल्या अंगवळणी पडलेली नाही. सुंदर असायला कुणाची हरकत नसते. फक्त सोबत काहीतरी करून दाखवावं लागतं.

अमेरिकेतल्या वसाहतींचा कायदा नेमका उलटा. आम्ही न्यू जर्सीत टाउनहाउसमध्ये राहतो. अशा घराच्या पुढच्या अंगणात काय लावायचं हे घरमालकांची असोसिएशन ठरवते. शोभेची झुडपं चालतात, टोमॅटो चालत नाहीत. गुलाब चालतो, मेथी चालत नाही. मिरचीचं रोप रस्त्यावरून दिसलं की अत्यंत नम्र भाषेतलं पत्र येतं, आणि त्या नम्रपणावरूनच कळतं की दंडाची रक्कम ठरलेली आहे. थोडक्यात, पुढच्या अंगणातल्या झाडानं काही काम करता कामा नये.

एका बाजूला ही असोसिएशन आणि दुसऱ्या बाजूला वाईच्या आमच्या सासूबाई. त्या एप्रिलअखेर येतात आणि दसरा करून परततात. पहिल्यांना कामाचं झाड खपत नाही, दुसऱ्यांना बिनकामाचं. या पेचातून सोडवणारं झाड मला नर्सरीत मिळालं, तेही अझेलियाच्या ओळीत, शोभेच्या झुडपांमध्ये. ब्लूबेरी! असोसिएशनच्या अर्जात मी लिहिलं, ‘झुडूप. वसंतात पांढरी फुलं, शरदात लाल पानं.’ सासूबाईंना फोनवर सांगितलं, ‘आई, फळझाड लावतेय.’ दोन्ही विधानं शंभर टक्के खरी होती. धर्मराजाला यापेक्षा जास्त कसरत करावी लागली होती.

न्यू जर्सी हे तर बागेतल्या ब्लूबेरीचं माहेर. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीपर्यंत हे रानातून वेचून आणायचं फळ होतं. कुणी हौसेनं झुडूप उपटून आणून शेतातल्या कसदार, खतावलेल्या मातीत लावलं, की ते झुरून मरायचं. सरकारी कृषिखात्यातले वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी १९१० साली आपले प्रयोग छापले आणि या नखऱ्याचं कारण सांगितलं: ब्लूबेरीला कसदार जमीन नको असते, तिला आंबट जमीन हवी असते. हे वाचून पुढच्या वर्षी त्यांना पत्र लिहिलं ते एलिझाबेथ व्हाइट या बाईंनी. न्यू जर्सीच्या दक्षिणेकडे पाइन बॅरन्स नावाचा रेताड, आंबट जमिनीचा जंगली पट्टा आहे. तिथे व्हाइट्सबॉगला त्यांच्या वडिलांचे क्रॅनबेरीचे मळे होते. तुमचं डोकं आणि आमची जमीन, असा तो करार.

मोठ्या फळांची रानझुडपं हुडकायला व्हाइटबाईंनी रानाची माहिती असलेल्या गावकऱ्यांना कामाला लावलं. त्यांच्या हातात भोक पाडलेली एक पट्टी दिली. भोक पाच-अष्टमांश इंचाचं, म्हणजे साधारण सोळा मिलिमीटर. ज्या झुडपाची फळं त्या भोकातून सहज पडतात ते झुडूप नापास. पास झालेल्या झुडपाला शोधणाऱ्याचं नाव मिळायचं. पण सॅम लेमन नावाच्या माणसाला झुडूप सापडलं तेव्हा पंचाईत झाली, कारण ब्लूबेरीला लिंबू कसं म्हणणार? त्याचं नुसतं ‘सॅम’ झालं. मग रूब लीक यांना एक उत्तम झुडूप मिळालं. तिकडे ‘रूब’ म्हणजे गावंढळ आणि ‘लीक’ म्हणजे कांद्याच्या पातीची भावंडं. अशा खानदानी झुडपाला हे शोभेना, म्हणून शेवटी त्याचं ‘रूबेल’ केलं. १९१६ साली या लागवडीची पहिली फळं बाजारात गेली, आणि रूबेल अजूनही लावतात. फळाच्या आकारासाठी चाळण लावणाऱ्या बाईसुद्धा नावाच्या शोभेपाशी अडल्या, हे मला फार आवडतं.

आमचं घर पाइन बॅरन्सच्या उत्तरेला, एडिसनकडच्या लालसर चिकण मातीवर. रटगर्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतून माती तपासून घेतली. ब्लूबेरीला सामू (पीएच) साडेचार ते पाचच्या आसपास लागतो. साडेचार म्हणजे जवळजवळ घरच्या दह्याइतकी आंबट माती. आमची त्या मानानं अगदीच गोडघाशी निघाली. त्यावर उपाय गंधकाचा. तो मातीत मिसळायचा, मग जमिनीतले जिवाणू सावकाश त्याचं आम्ल करतात. जमीन थंड असली की तेही काम बंद ठेवतात. त्यामुळे गंधक आदल्या वर्षी घालायचा आणि झाड पुढच्या वर्षी लावायचं. वर पाइनच्या सालीचे तुकडे पसरायचे, कारण या झाडाची मुळं उथळ आणि सुतासारखी बारीक; ऊन त्यांना सोसत नाही. पायाच्या काँक्रीटमधून चुना झिरपतो, म्हणून घराच्या भिंतीलगतही लावायचं नाही.

सासूबाईंनी हे सगळं ऐकून घेतलं.

‘आंबटच हवं ना? मग ताक घाल की. एवढ्या पिशव्या कशाला?’

‘आई, ताकाचा परिणाम टिकत नाही.’

‘मग चिंचेचं पाणी घाल.’

वाईच्या गुलाबांना त्या शेजारून अंड्याची टरफलं मागून आणून घालतात, राखही घालतात. इथे टरफलं, राख आणि चुना तिन्ही वर्ज्य, कारण तिन्ही मातीचा आंबटपणा मारतात. आंबटपणा कमी पडला की पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मातीत लोह असतं, पण झाडाला ते घेता येत नाही. हे कळल्यावर त्यांचा जीव कळवळला. ‘अगं, लोह कमी पडतंय तर गूळ-शेंगदाणे तरी...’ म्हणून त्या थांबल्या. झाडाला काय देता येत नाही याची यादी त्यांच्या आयुष्यात प्रथमच एवढी लांबली होती.

एप्रिलच्या शेवटी झुडपं फुलली. ड्यूक आणि ब्लूक्रॉप अशा दोन जातींची लावली होती. एकाच जातीलाही फळ धरतं, पण दोन असल्या तर फळ मोठं होतं. फुलं पांढरी, मेणचट, इवल्याशा उलट्या सुरयांसारखी. कळीत गुलाबी झाक. एकेका फांदीच्या टोकाला घोसच्या घोस. सकाळी पाहते तर एक घोस देव्हाऱ्यात बाळकृष्णाच्या पायाशी. मला बोलायची सोयच नव्हती, कारण नव्या झुडपाची पहिल्या एक-दोन वर्षांची फुलं खुडूनच टाकावीत असं इथले कृषिविस्तारवाले सांगतात. फळात ताकद घालवण्यापेक्षा झाडानं मूळ धरावं हा त्यामागचा हेतू. तेव्हा सासूबाईंची पूजा आणि शास्त्रीय सल्ला यांचं एकमत झालं. बाळकृष्णाला फुलं मिळाली, झाडाला मुळं मिळाली आणि असोसिएशनला यातलं काही कळलं नाही.

खरा वाद झाडं वयात आल्यावर सुरू झाला. आता देव्हाऱ्यात गेलेलं प्रत्येक फूल म्हणजे बुडालेलं एक फळ. मी हळूच तसं सुचवलं. त्या म्हणाल्या, ‘देवाला दिलेलं बुडालं असं कधी म्हणतात का?’ मग तह झाला: बाहेरचं झुडूप घराचं, आतल्या बाजूचं देवाचं. पण फूल आणायला म्हणून त्या रोज सकाळी तिथे उभ्या राहू लागल्या, आणि एकदा मला हाक मारून त्यांनी बोलावलं. एक गुबगुबीत, केसाळ भुंगा, इथला बम्बलबी, फुलाला खालून लटकला होता. पंख मिटलेले, तरी त्याच्या अंगातून घूंऽऽ असा जाडसर आवाज येत होता. ब्लूबेरीचे परागकण परागकोशाच्या टोकाशी असलेल्या बारीक छिद्रांतूनच बाहेर पडतात. भुंगा पंख न हलवता नुसते छातीचे स्नायू थरथरवतो आणि पराग झाडून घेतो. मधमाशीला ही युक्ती येत नाही. ‘म्हणजे हा कंपन पावतो,’ सासूबाई म्हणाल्या, ‘आणि फूल प्रसन्न होतं.’ त्या दिवसापासून भुंगा असेल तो घोस त्या तोडत नाहीत. हळूहळू देवाचं झुडूपही भुंग्याच्या नावावर झालं.

जूनमध्ये फळं निळी होऊ लागली. फळ निळं दिसलं म्हणजे पिकलं असं नाही. देठाकडच्या बाजूला नखाएवढी लाली शिल्लक असेल तर आणखी काही दिवस थांबायचं, कारण तोडल्यावर ब्लूबेरीची गोडी वाढत नाही. आमच्या लेकीला हे नियम मान्य नव्हते. तिचं तोंड वाकडं झालं की समजायचं, लाली होती. आणि तो निळा रंगही गंमतीचा. फळावर पिठासारखी पांढुरकी मेणाची साय असते. अंगठ्यानं ती पुसली की खालचं फळ काळपट जांभळं निघतं. ब्लूबेरीच्या सालीतला रंग निळा नसतोच. वरच्या मेणाचे सूक्ष्म कण प्रकाश असा काही विखरून टाकतात की आपल्याला निळं दिसतं. शास्त्रज्ञांनी हे २०२४ मध्ये सविस्तर दाखवलं. थोडक्यात, या फळाचा नावाजलेला रंग हा निव्वळ शृंगार आहे. मी ते सासूबाईंना करून दाखवलं. त्यांनी पुसलेलं फळ तोंडात टाकलं आणि म्हणाल्या, ‘चव तीच आहे. पण पुसू नकोस बाई, तशीच बरी दिसतात.’ वाईच्या घरात ‘बरी दिसतात’ हे कारण पुरेसं झाल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं.

फळांचे दुसरे भागीदार म्हणजे रॉबिन आणि कॅटबर्ड. कॅटबर्ड हा राखी रंगाचा पक्षी मांजरासारखा ओरडतो आणि त्याला ब्लूबेरी केव्हा पिकते ते माझ्याआधी कळतं. जाळी लावता आली असती. पण जाळी कुरूप दिसते म्हणून असोसिएशनला ती चालत नाही. मग आम्हाला मिळालं ते पाखरांनी ठेवलेलं. नवरा अकाउंटंट. त्यानं गंधक, पाइनची साल, माती-तपासणी आणि खत यांच्या खर्चाला हाती आलेल्या फळांनी भागलं आणि उत्तर मोठ्यानं वाचून दाखवलं. हॅमंटन हे गाव स्वतःला जगाची ब्लूबेरी राजधानी म्हणवून घेतं. तिथली, हंगामातली डबाभर फळं आमच्या मूठभर फळांपेक्षा स्वस्त होती. ‘याला धंदा म्हणत नाहीत,’ तो म्हणाला. ‘मग हे झाड करतं काय?’

ऑक्टोबरात झुडपं लाल झाली. ही लाली थेट शेंदरी-किरमिजी; सगळीकडे लावलेल्या बर्निंग बुशच्या तोडीस तोड. ते परदेशी झुडूप जंगलात घुसून पसरतं, म्हणून हल्ली त्याच्याऐवजी इथली ब्लूबेरीच लावा असं जाणकार सांगतात. असोसिएशनच्या बाई फिरत फिरत आल्या, झुडपांसमोर थांबल्या आणि ‘किती सुंदर’ म्हणून गेल्या. फळांच्या दिवसांत त्या इकडे फिरकल्या नव्हत्या हे आमचं नशीब. दसऱ्याला आपट्याची पानं कुठून आणणार? सासूबाईंनी ब्लूबेरीची लाल पानं तबकात घातली आणि आल्यागेल्याच्या हातावर सोनं म्हणून ठेवली. झाडाला पुन्हा काम लागलं.

तेव्हा मला आमच्या लोकांची रीत नीट कळली. आपल्याला शोभा कळत नाही अशातला भाग नाही. शोभेकडे नुसतं बघत उभं राहायची आपल्याला लाज वाटते, म्हणून आपण झाडाला काम देतो आणि कामाच्या निमित्तानं रोज त्याच्यापाशी जातो. उद्या किती जास्वंदी फुलतील हे आदल्या रात्री कळ्या मोजून जिला माहीत असतं, तिच्याइतकं ते झाड कुणी पाहिलं आहे? आमच्या वसाहतीतली निव्वळ शोभेची झुडपं महिन्यातून एकदा कंत्राटदाराची माणसं येऊन यंत्रानं कापतात. त्या झुडपांना फुलं केव्हा येतात हे एकाही घराला सांगता येणार नाही.

परतताना सासूबाईंनी एक फांदी मागितली. ‘वाईला लावते. तिथली माती आंबट करीन, ताक आपल्या घरचंच आहे.’ मी त्यांना समजावलं की हे तिथे यायचं नाही. आमच्या या जातींना हिवाळ्यात सात अंशांखालची थंडी आठशे-हजार तास तरी लागते. तेवढे दिवस झाड काहीही न करता उभं राहतं. त्यात तास कमी पडले तर वसंतात धड फूल येत नाही, मग फळ कुठलं.

त्यांनी बॅगेची चेन ओढता ओढता विचार केला.

‘म्हणजे आधी भरपगारी रजा, मग काम. आणि रजेत एक तास कापला तर काम बंद.’

‘तसंच म्हणा.’

‘मग फळझाड काय म्हणतेस? सरकारी आहे ते.’