फिल्डवर्कवाला

सिल्लोडात शिकणाऱ्या पोरांचे प्रकार ठरलेले आहेत. एक पुण्यात सदाशिव पेठेत राहून एमपीएससी करतो. दुसरा नीटसाठी लातूरला असतो. तिसरा डी.एड. होऊन शिक्षकभरतीची वाट बघतो. चौथा कॉलेज मधेच सोडून मिरचीला ठिबक नि मल्चिंग करतो आणि भाव लागला त्या साली पहिल्या तिघांना चहा पाजतो. आमच्या गल्लीत निघाला तो पाचवा. तो हॉलंडमधल्या लायडन विद्यापीठात सांस्कृतिक मानवशास्त्राची मास्टर्स करायला गेला. पाळण्यातलं नाव आता फक्त त्याची आई घेते. बाकी सगळं गाव त्याला फिल्डवर्कवाला म्हणतं.

माणूस लांबून ओळखू येतो. बाप शेतात जाताना बियाणं कंपनीनं फुकट दिलेला टी-शर्ट घालतो, पोरगा बाजारात जाताना खादीचा झब्बा. आबांना टेरिकॉट परवडायला लागलं तेव्हा त्यांनी खादी सोडली, नातवाला परदेश परवडलं तेव्हा त्यानं ती धरली. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत काळ्या पुठ्ठ्याची वही. तो सहसा सांगत नाही, विचारतो. विचारून झालं की नुसतं "हं" म्हणून बघत बसतो. मग समोरचा गांगरून न विचारलेल्या आणखी दोन गोष्टी सांगून टाकतो.

टपरीवर चहावाल्यानं विचारलं, "साखर कमी टाकू का?"

"तुम्ही हे सगळ्यांना विचारता?"

"हो."

"कोणाला विचारत नाही?"

"उधारीवाल्याला," चहावाला म्हणाला. ते लगेच वहीत गेलं. मागं दहा माणसं ताटकळली होती. ती ताटकळली हेही गेलं.

त्याच्या परदेशी जाण्यावर घरात जी बैठक झाली, ती गल्लीतल्या सगळ्यांनी ऐकली, कारण आत्या बोलत होती. नोकरी कोणती लागते, एवढा एकच प्रश्न होता. पोरानं त्याचं उत्तर न देता पूर्वजांची यादी काढली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ९ मे १९१६ ला कोलंबिया विद्यापीठात जातींवरचा निबंध वाचला, तो मानवशास्त्राच्याच सेमिनारमध्ये, गोल्डनवायझर नावाच्या प्राध्यापकांच्या. मालवणचे घुर्ये केंब्रिजला जाऊन याच विषयात डॉक्टर झाले. इरावतीबाई कर्वे १९२०च्या दशकात बर्लिनला गेल्या. त्यांच्या जाण्याला खुद्द महर्षी कर्व्यांचा, म्हणजे सासऱ्यांचा, विरोध होता. नवरा पाठीशी उभा राहिला आणि जीवराज मेहतांकडून कर्ज घेऊन बाई निघाल्या.

"कर्ज" ऐकल्यावर इतका वेळ गप्प बसलेल्या बापानं मान वर केली. "फेडलं का त्यांनी?"

आजीचा प्रश्न वेगळा होता. "शिकून आली मंग काय केलं त्या बाईनं?"

"कवट्या मोजल्या. गोऱ्यांच्या आणि बाकीच्यांच्या. गुरूला वाटत होतं फरक निघेल. बाईंना निघाला नाही, तर त्यांनी तसं लिहून दिलं."

"अन् तू काय मोजणार?"

"आता काही मोजत नाहीत आजी. आता समजून घेतात."

"काहीच मोजत नाहीत, मंग एवढे पैसे कशाचे घेतात?" आजी म्हणाली. सभा तहकूब झाली.

साडेसात लाखांच्या वर शैक्षणिक कर्ज म्हणजे तारण आलंच. भोकरदन रोडचा प्लॉट बँकेकडे गेला. साहेबांनी विचारलं, कोर्स झाल्यावर प्लेसमेंट असते का? पोरगं म्हणालं, आमच्यात प्लेसमेंट नसते, पोझिशनॅलिटी असते. साहेबांनी ते प्लेसमेंटच्या रकान्यात लिहून घेतलं म्हणतात.

ऑगस्टअखेर तो गेला आणि दर रविवारी व्हिडिओ कॉल सुरू झाले. आईला वाटायचं पोरगा हाल सांगेल. तो रीतिभाती सांगायचा. इथं खिडक्यांना पडदे ओढत नाहीत, रस्त्यावरून सगळं घर दिसतं. "मग बघतोस का रे?" "नाही, बघायचं नाही अशी रीत आहे." इथं वाढदिवसाला सगळे गोल बसतात आणि ज्याचा वाढदिवस त्याच्याबरोबर त्याच्या आईबापाचं, बायकोचं, मेव्हण्याचंही अभिनंदन करतात. हे आईला पटलं. पण पुढच्या रविवारी त्यानं टिक्की नावाच्या ॲपबद्दल सांगितलं. कोणी कॉफी प्यायला बोलावलं की संध्याकाळी मोबाईलवर मागणी येते, तुमच्या वाट्याचे इतके युरो पाठवा.

"बोलावलं त्यांनी, अन् पैसे तू द्यायचे?"

"हो. वाईट वाटून घेत नाहीत इथं."

"घरात दुष्काळ आहे का त्यांच्या?" आईनं विचारलं. त्या रात्री तिनं शेजारणीला वाटीभर चटणी जरा जास्तच भरून पाठवली. देशाची बाजू कोणीतरी सांभाळायला हवी होती.

"मग लिही की त्या लोकांवरच," मी त्याला एकदा सुचवलं. "टिक्कीवर प्रबंध लिही." त्यानं प्रामाणिक उत्तर दिलं, "काका, इथं अपॉइंटमेंटशिवाय कोणी बोलत नाही. सिल्लोडला नको म्हटलं तरी बोलतात."

म्हणून जानेवारीत तो परत आला. त्याच्या कोर्समध्ये जानेवारी ते मार्च फिल्डवर्क असतं, हे त्याला माहीत होतं, गावाला नव्हतं. सप्टेंबरात शिकायला बसलेलं पोरगं संक्रांतीला दारात, म्हणजे नापास झालं, नाहीतर तिकडच्यांनी हाकलून दिलं. समजावून सांगितल्यावर गोंधळ वाढला. "म्हणजे इथून तिकडं गेला, अन् तिकडच्यांनी तुला इथलं बघायला पाठवलं? मंग विमान कामून बसला बाप्पा?"

तसं बघायला येणाऱ्यांची सिल्लोडला सवय आहे. १८१९ मध्ये जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला अजिंठ्याची लेणी दिसली, तेव्हापासून बघणाऱ्यांची रांग आहे. मेजर रॉबर्ट गिल चित्रांच्या नकला करायला आला आणि वर्षानुवर्षं राहिला. त्याच्या प्रेयसीची, पारोची, १८५६ची कबर अजिंठा गावात आहे. आजही संभाजीनगरहून लेण्यांना जाणाऱ्या बसा सिल्लोडातूनच जातात, काचेआडची माणसं मात्र सिल्लोडकडं बघत नाहीत. इतक्या वर्षांत कोणीतरी खाली उतरून आपल्याकडं बघायला लागलं, तर ते आपल्याच गल्लीतलं पोरगं. लोकांना आनंद व्हावा की राग यावा, ते कळेना.

विषय होता लग्नातला आहेर. लग्नसराई तोंडावर होती. प्रत्येक मांडवात टेबलाशी बसून आहेर लिहिणारे एक निवृत्त गुरुजी आहेत. अक्षर वळणदार, स्मरणशक्ती दांडगी. तालुक्यात कोणी कोणाला कधी किती दिले, हे ते वही न उघडता सांगतात. फिल्डवर्कवाला त्यांच्या बाजूला खुर्ची टाकून बसायला लागला. पहिल्याच दिवशी त्यानं संमतिपत्र पुढं केलं. विद्यापीठाचा नियम होता, ज्याची माहिती घ्यायची त्याची लेखी संमती हवी.

गुरुजींनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला. "'आपलं नाव गुप्त ठेवलं जाईल.' काहून? मी काय चोरी केली?"

"तसं नाही गुरुजी, तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून."

"नाव नसलं तर त्रास होईल. चाळीस वर्षं लोकांची नावं लिहितोय, एकदा माझं कुठं छापून येतंय, ते तू गाळतो? नाव टाक. आडनावासकट. गावही टाक."

प्रबंधात शेवटी गुरुजी 'एक ज्येष्ठ लेखनिक' झाले आणि सिल्लोड झालं 'मराठवाड्यातलं अजिंठ्याच्या वाटेवरचं बाजारपेठेचं गाव'. म्हणजे जगात कोणालाही कळू नये आणि सिल्लोडात सगळ्यांना कळावं, याची सोय झाली. गुरुजी अजून त्याच्याशी अर्धंच बोलतात.

त्या वेळी मात्र गुरुजींनी त्याला पोटभर शिकवलं. लग्नाला निघण्याआधी घरातली जुनी वही काढायची. त्यांनी आपल्या पोरीला पाचशे एक दिले असतील, तर आपण कमी लिहून चालत नाही, नाक जातं. फार जास्तही लिहू नये, समोरच्यावर बोजा होतो. बरोबरीत फेडूनही भागत नाही, मग हिशेब मिटतो आणि सोयरिकीत हिशेब मिटला की येणंजाणं संपलं. थोडं वर टाकायचं, म्हणजे दोर चालू राहतो. पत्रिकेत 'कृपया आहेर आणू नये' छापलेलं असलं, तर वही टेबलावर नसते, टेबलाखाली असते.

पोरगं भारावून गेलं. "गुरुजी, मार्सेल मॉस नावाच्या फ्रेंच विद्वानानं १९२५ मध्ये हेच लिहिलंय! भेट द्यावीच लागते, घ्यावीच लागते आणि परत करावीच लागते."

"त्याला पोरी किती होत्या?" गुरुजींनी विचारलं. एवढं ज्ञान पोरी उजवल्याशिवाय येत नाही, असं त्यांचं मत होतं.

मग त्याच्या डोक्यात टोपीनं घर केलं. पॅसिफिक महासागरातल्या ट्रोब्रिआंड बेटांवर मॅलिनोव्हस्की नावाच्या पंडितानं तंबू ठोकला होता. तिथले लोक शिंपल्यांचे हार आणि कडी होड्यांतून बेटाबेटावर पोचवायचे. हार एका दिशेनं फिरत, कडी उलट्या दिशेनं. रोज वापरायला कोणी घेत नसे, घ्यायचं ते पुढं द्यायला. १९२२ मध्ये त्यानं त्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. आपल्याकडं तेच टॉवेल-टोपीचं आहे, असं पोराच्या लक्षात आलं. ती टोपी डोक्यावर कोणी घालत नाही आणि त्या टॉवेलानं कोणी अंग पुसत नाही. दोन्ही पेटीत जातात आणि पुढच्या लग्नात बाहेर पडतात. त्यानं आईच्या पेटीतल्या एका टोपीला आतून बॉलपेनचा ठिपका दिला आणि ती आत्याच्या हाती एका लग्नात पाठवली.

टोपी तिथून गोळेगावला गेली. गोळेगावहून आमठाण्याला. मधे भराडीच्या एका बारशात तिच्यासारखीच दुसरी निघाली, पण ठिपका नव्हता. पोरगं मांडवामांडवात नवरदेवाच्या मामांच्या टोप्या उलट्या करून बघत हिंडलं. मार्चात चुलत्याच्या घरभरणीला त्याच आत्याच्या नवऱ्याला टोपी मिळाली. यानं ती उलटली, ठिपका सापडला, आणि आनंदाच्या भरात सगळ्या पंगतीसमोर ओरडला, "आत्या, ही तुझीच!"

वरण-बट्टी वाढणारे हात थांबले. आत्यानं टोपी बघितली, मग देणाऱ्या नणंदेकडं बघितलं. "म्हणजे मी दिलेलीच मला आणली?" नणंद म्हणाली, "तू तरी कुठं विकत घेतली होती?" पुढचं सगळं एका पोराच्या मोबाईलात आहे. लायडनला मार्गदर्शक बाईंना त्यानं ते कळवलं, तेव्हा त्यांनी संशोधनामुळं सहभागी व्यक्तींना इजा पोचली का, असं विचारणारा फॉर्म पाठवला. इजा कोणाला, या रकान्यात त्यानं आधी 'आत्या' लिहिलं, मग खोडून 'सोयरीक' लिहिलं. संशोधक म्हणून मला तो तिथं पहिल्यांदा पसंत पडला.

डिग्री मिळाली. मार्क चांगले पडले. आता बंगळूरच्या एका कंपनीसाठी तो घरी बसून काम करतो. माणसं मोबाईलवरचं अमुक बटण का दाबत नाहीत, हे शोधायला अशी शिकलेली पोरं लागतात. बाप लोकांना फक्त 'कंपनीत आहे' असं सांगतो. हप्ते सुरू आहेत. भोकरदन रोडचा प्लॉट सुटेल अशी आशा आहे.

नोकरी लागली म्हटल्यावर स्थळं आली. भोकरदनच्या बाजूचं एक स्थळ होतं, मुलगी एम.एस्सी. ॲग्री. तिचे मामा आणि काका घरी येण्याआधी गावात दोन दिवस हिंडून गेले. आधी सलूनमध्ये दाढी केली. मग कृषी सेवा केंद्रात एका फवारणी पंपाची किंमत विचारली, जो घ्यायचा नव्हता. मग किराणा दुकान, मग टपरी, मग देवळाबाहेरचा ओटा. एकानं सांगितलेलं दुसऱ्याकडून पडताळून घेतलं. पोराची झोप किती, बापाचं कर्ज किती, आत्याचं भांडण कोणाशी, सगळं वहीशिवाय जमा केलं. पोहे खायला ते घरी आले, तेव्हा नवरा मुलगा लाजण्याऐवजी हरखून गेला.

"मामा, तुम्ही सुरुवात सलूनपासून का केली?"

"किराणावाल्याला तुमची उधारी माहीत असते, न्हाव्याला तुमचं बोलणं. पैसा नंतर बघता येतो."

"आणि माहिती पुरेशी झाली, हे कसं ठरवलं?"

"चौथा माणूस पहिल्याचंच सांगायला लागला की निघायचं."

यावर लायडनला एक अख्खा तास झाला होता. तो वहीत लिहायला लागला आणि लिहिता लिहिता थबकला. "पण मामा, हे सगळं माझ्या संमतीशिवाय केलं तुम्ही."

"संमती तुझी कामून? संमती पोरीची लागते," मामा बशी खाली ठेवत म्हणाले. "तिला सगळं सांगितलं. ती म्हणे, मुलगा बरा दिसतो, पण विचारतोच फार. एकदा वही न घेता पाठवा."

ठरल्या दिवशी संभाजीनगरला एका हॉटेलात दोघं भेटली. यानं खरंच वही घरी ठेवली होती. खिशातला पेनसुद्धा आईनं काढून घेतला होता. चहा आला. मुलीनं पर्स उघडली, डायरी काढली, पेनचं टोपण काढलं आणि शांतपणे विचारलं, "तर, तुम्ही नेमकं काय करता?"