आधी मूल, मग खटला

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर स्थानकात लोक रुळांवर उतरले. शाळेत दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाला होता आणि तक्रार नोंदवायला गेलेल्या पालकांना पोलिसांनी ताटकळत ठेवलं होतं. लोकल तासन्‌तास बंद होत्या. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि पोलिसांना फैलावर घेतलं. पुढच्याच महिन्यात आरोपी पोलिसांच्या गोळीने मेला. त्या दिवसांतल्या घोषणा आठवून पाहा. ‘फाशी द्या’ सगळ्यांना आठवेल. ‘मुलींवर उपचार कोण करणार?’ ही घोषणा कुणाला आठवते?

लोकांचा संताप रास्तच होता. पण त्याचा सगळा रोख आरोपीवर होता आणि मुलांच्या वाट्याला त्यातून काही येत नाही. आरोपीला जामीन मिळो, जन्मठेप होवो की तो मरो, मूल रात्री दचकून उठतच राहतं. त्याच्यावरचे उपचार हे पहिल्या आठवड्यातलं काम आहे. आपण ते शेवटावर टाकतो, आणि शेवटी ते राहूनच जातं.

नातेवाईक म्हणतात, ‘लहान आहे, विसरून जाईल.’ इतकं घातक वाक्य दुसरं नाही. मूल विसरत नाही, बोलायचं थांबतं. चार वर्षांच्या मुलाकडे झालेलं सांगायला शब्द नसतात, मग शरीर बोलायला लागतं. अंथरूण ओलं करायची सवय सुटलेली असते, ती परत लागते. पोट दुखतं आणि सोनोग्राफीत काही सापडत नाही. आंघोळीला कपडे काढायचे म्हटलं की रडारड. एखादा वास आला, एखादा आवाज ऐकला की मूल जागच्या जागी थिजतं. मोठं मूल भावंडाला मारतं, त्याचं अभ्यासातून लक्ष उडतं, ते स्वतःला इजा करून घेतं. घरच्यांना वाटतं, हल्ली फार हट्टी झालंय. काही मुलांमध्ये तर वरून काहीच दिसत नाही.

दुसरं घातक वाक्य म्हणजे ‘आयुष्य बरबाद झालं.’ हे साफ खोटं आहे. वेळेवर आधार आणि उपचार मिळाले की मुलं सावरतात, शिकतात, हसतात, पुढे सुखाने संसारही करतात. मुलासमोर हे वाक्य बोलणारा माणूस त्याच्यावर दुसरा घाव घालत असतो.

उपचार म्हणजे मुलाला समोर बसवून ‘काय झालं ते सांग’ म्हणणं, असा समज पोलीस ठाण्यापासून घरापर्यंत सगळीकडे आहे. चांगल्या समुपदेशकाच्या खोलीत सुरुवातीला त्या घटनेचा विषयही निघत नाही. दार उघडं ठेवायचं की लोटून घ्यायचं, हे मूल ठरवतं. आईने आत बसायचं की बाहेर, हेही तेच ठरवतं. समुपदेशक खुर्ची सोडून जमिनीवर बसते. मुलाला हात लावायचा तर आधी विचारते आणि ‘नको’ म्हटलं की थांबते. ज्याच्या ‘नको’ला कुणीतरी काडीची किंमत दिली नव्हती, त्या मुलाचं ‘नको’ इथे चालतं. उपचार तिथूनच सुरू झालेले असतात.

मग साबणाच्या पाण्याचे फुगे येतात. जोरात फुंकलं की फुगा फुटतो, सावकाश फुंकलं की मोठा होतो. मुलाला तो खेळ वाटतो. खरं तर छाती धडधडायला लागल्यावर श्वास कसा आवरायचा, हे ते शिकत असतं. पुढे राग, भीती, लाज, किळस यांची ओळख होते, चेहऱ्यांच्या चित्रांवरून. भीती किती वाटते ते बोटांवर दाखवायचं: आज आठ बोटं, काही दिवसांनी पाच. मुलाची तयारी झाली की मगच त्या प्रसंगाकडे जायचं, तेही थोडं थोडं करून. लहान मूल चित्रातून, मातीतून सांगतं, मोठं वहीत लिहितं. ‘ते आठवलं तरी आत्ता मी सुरक्षित आहे’ हे त्याला आतून पटेपर्यंत आणि ‘माझ्यामुळेच झालं’ ही मनातली गाठ सुटेपर्यंत हे काम चालतं.

हे नुसतं मायेने गोंजारणं नव्हे, याला शास्त्राचा पाया आहे. ज्युडिथ कोहेन, अँथनी मॅनारिनो आणि एस्थर डेब्लिंगर या तिघांनी अमेरिकेत बसवलेली ‘ट्रॉमा फोकस्ड सीबीटी’ ही आघातावर काम करणारी उपचारपद्धत साधारण १२ ते १६ बैठकांची असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनीही आघाताची लक्षणं असलेल्या मुलांसाठी याच प्रकारच्या उपचारांची शिफारस केली आहे. आठवड्याला एक बैठक धरली तर तीन-चार महिने झाले. आपल्याकडे कोर्टाच्या दोन तारखांमध्येच कधी कधी तेवढे जातात.

या उपचारांत पालकही असतात. मूल आठवड्यातून तासभर समुपदेशकाकडे असतं, बाकी सगळा वेळ घरात. सांगितल्यावर घरचं मोठं माणूस कसं वागलं, यावर मुलाचं सावरणं फार अवलंबून असतं. ‘तू सांगितलंस ते बरं केलंस. तुझी काही चूक नाही. आता मी बघते.’ एवढी तीन वाक्यं पुरतात. त्यानंतर पुन्हा पुन्हा खोदून विचारू नका. होतं उलटच. मुलीचं बाहेर खेळणं बंद, क्लास बंद, शाळा बदल, थेट मामाच्या गावी रवानगी. गुन्हा दुसऱ्याचा आणि नजरकैद हिला.

गुन्हेगार घरातला असेल तर सगळंच अवघड. महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७ च्या पाहणीत १२ हजारांवर मुलांशी बोलणं झालं होतं. निम्म्याहून अधिक मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक छळ सांगितला, आणि छळणारे निम्मे जण ओळखीचे किंवा विश्वासातले होते. काकाचं नाव घेतलेल्या मुलीला आजी विचारते, ‘घर मोडायचंय का तुला?’ त्या प्रश्नाचं ओझं मुलीच्या डोक्यावरून उतरवायलाही उपचार लागतात.

त्याच पाहणीत छळ सांगणाऱ्या मुलांत मुलगे मुलींपेक्षा किंचित जास्तच होते. तरी ‘मुलगा आहे, त्याला काय होतंय’ हे आपण अजून म्हणतो. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पोक्सो कायदा मुलगा-मुलगी भेद करत नाही, आपणही करू नये.

सगळ्यात संताप येतो तो या सल्ल्याचा: ‘आत्ता समुपदेशन नको. समोरचा वकील म्हणेल, मुलाला पढवून आणलंय.’ साक्ष होईपर्यंत मुलाने तसंच कुढत राहायचं. कायद्यात असं कुठेही लिहिलेलं नाही. समुपदेशकाने तपास करायचा नाही, मुलाच्या तोंडी शब्द घालायचे नाहीत, एवढी शिस्त पाळली की उपचार आणि साक्ष दोन्ही नीट होतात. खटल्याच्या कारणासाठी उपचार लांबवू नयेत, असं इंग्लंडच्या सरकारी अभियोग विभागाने २०२२ मध्ये स्पष्ट सांगून टाकलं. आपल्या वकिलांनी आणि पोलिसांनीही ते एकदा मोकळेपणाने सांगावं. आणि घाबरून वाचा बसलेलं मूल साक्ष तरी कशी देणार?

कायदे करण्यात आपण मागे नाही. गोव्यात मडगावला अनाथ मुलांच्या आश्रमाआड मुलांचं लैंगिक शोषण करणाऱ्या फ्रेडी पीट्सला १९९६ मध्ये शिक्षा झाली. पुढे गोव्याने २००३ मध्येच स्वतःचा बालकायदा केला आणि त्यात स्वतंत्र बालन्यायालयाची तरतूद केली. केंद्राचा पोक्सो त्यानंतर नऊ वर्षांनी आला. त्यातल्या तरतुदी वाचल्या की वाटतं, कुणीतरी खरंच मुलाचा विचार केलाय. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे घ्यायचा, पोलिसाने गणवेशात यायचं नाही. वकिलाने मुलाला थेट प्रश्न विचारायचे नाहीत, ते न्यायाधीशांमार्फत जातील. मध्ये मध्ये विश्रांती द्यायची, सारखं सारखं कोर्टात बोलवायचं नाही. साक्ष ३० दिवसांत आणि खटला शक्यतो वर्षात संपवायचा. प्रत्यक्षात पाच वर्षांची मुलगी साक्षीला उभी राहते तेव्हा ती चौथी-पाचवीत गेलेली असू शकते.

२०२० च्या पोक्सो नियमांत आणखी एक माणूस आहे: सपोर्ट पर्सन. बालकल्याण समितीने मूल आणि पालक यांच्या संमतीने त्याची नेमणूक करायची. पहिल्या दिवसापासून खटला संपेपर्यंत त्याने मुलासोबत राहायचं, कोर्टात काय होणार ते समजावायचं, दवाखाना आणि समुपदेशक गाठून द्यायचा, भरपाईचा अर्ज मार्गी लावायचा. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये याच माणसांच्या नेमणुका, प्रशिक्षण आणि मानधनाबद्दल निर्देश दिले. घरच्यांना मात्र असा कुणी असतो हेच बहुधा माहीत नसतं, कारण पोलीस ठाण्यात कुणी सांगत नाही.

पैशाचं बोलायलाच हवं. दुर्गम एटापल्लीच्या किंवा अक्कलकुव्याच्या आईला मुलीला घेऊन दर आठवड्याला जिल्ह्याच्या गावी जायचं तर एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी कोण देणार? नियमांत तातडीची मदत आहे, अंतरिम भरपाई आहे, महाराष्ट्राची २०१३ पासूनची ‘मनोधैर्य’ योजना आहे. या तिन्हींचे पैसे वेळेत हातात पडले तरच उपचार बारा बैठका टिकतील. नाहीतर दुसऱ्याच बैठकीला मूल येत नाही आणि फाइलवर शेरा पडतो, ‘पालक उदासीन’.

माणसंही कमी आहेत. देशात लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञसुद्धा नाही, मुलांसाठीचे तर बोटांवर मोजण्याइतके. मुंबईत ‘अर्पण’, पुण्यात ‘मुस्कान’सारख्या संस्था वर्षानुवर्षं हे काम करतात, बेंगळुरूची निम्हान्स ही मानसिक आरोग्य संस्था प्रशिक्षण देते. पण दोन-तीन शहरांतल्या संस्थांच्या खांद्यावर महाराष्ट्राच्या ३६ जिल्ह्यांची मुलं टाकून सरकारला मोकळं होता येणार नाही. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात मुलांच्या आघातावर काम करायला शिकलेला किमान एक समुपदेशक पूर्णवेळ हवा, कंत्राटाच्या टांगत्या तलवारीशिवाय. मुलाला विश्वास टाकायला महिने लागतात. दर ११ महिन्यांनी समुपदेशक बदलला तर मुलाने तेच दुःख पुन्हा नव्या माणसाला सांगायचं का?

वाचकांनाही एक काम आहे. सपोर्ट पर्सन, दुभाषे, तज्ज्ञ यांची नोंदवही जिल्हा बाल संरक्षण कक्षाने ठेवायची असते. माहितीच्या अधिकारात अर्ज करून तीन गोष्टी विचारा. आपल्या जिल्ह्यात सपोर्ट पर्सन किती? गेल्या वर्षी पोक्सोच्या किती गुन्ह्यांत ते नेमले? किती मुलांचे उपचार सुरू झाले आणि किती पुरे झाले? नावं मागू नका, ती मिळताही कामा नयेत. नुसते आकडे मागा. ते घेऊन पालकमंत्र्यांकडे जा, आमदाराकडे जा, जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत मांडायला लावा. आणि एखादं मूल आज, आत्ता अडचणीत असेल तर १०९८ या बालमदत क्रमांकावर फोन करा. मनाच्या त्रासासाठी टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांकही आहे.

शिक्षा व्हायलाच हवी, ते न्यायालयाचं काम. मूल बरं करणं हे आपल्या सगळ्यांचं काम आहे आणि त्यासाठी कुठल्याही निकालाची वाट पाहावी लागत नाही.