नऊ कमी हजार

मे महिना, सकाळचे साडेसात. गोराईतल्या आमच्या बैठ्या घरांमधली भिंत कमरेइतकीच उंच आहे. ऐंशीच्या दशकात जागतिक बँकेच्या योजनेतून हे प्लॉट पडले तेव्हा बांधलेली. मागच्या बाजूची घरं केव्हाच दुमजली झाली, पण ही भिंत वाढवायचं दोन्हीकडे कुणाच्या मनात आलं नाही. पलीकडे काकू प्लास्टिकच्या कागदावर कुरडया घालत होत्या. आज साच्याचा दांडा जरा जास्तच जोरात फिरत होता.

"रात्री फोन होता का कॅनडाचा?" मी विचारलं. एवढंच विचारलं हो.

"होता ना. पोरगं हॉकी सोडतंय म्हणे! पुढच्या मोसमाच्या निवडी चालू आहेत, तर हा गाडीतून उतरेचना. अख्ख्या हिवाळ्यात एक गोल नाही झाला त्याच्या हातून. मित्र चिडवतात."

काकूंचा नातू अकरा वर्षांचा, राहतो मिसिसागाला. थंडीत आपला चारचा चहा उकळत असतो तेव्हा तिकडे पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. तेवढ्या अंधारात त्याची आई त्याला रिंकवर घेऊन जाते. रिंकचा वेळ भाड्यानं मिळतो आणि लहान पोरांच्या वाट्याला बहुतेक पहाटच येते. रोज चहाच्या वेळी काकू सांगणार, "आमचं पोर आत्ता बूट बांधत असेल." गेल्या दोन वर्षांत मला त्या पोराच्या बुटांची सवय झाली होती. त्यामुळे माझंही मन जरा खट्टू झालं.

आतून काका पेपर घेऊन आलेच. "हॉकी म्हणजे धनराज पिल्ले! ३३९ सामने, चार ऑलिंपिक. खडकीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून आलेलं पोर. मोडक्या स्टिका बांधून खेळायचा. थोरला भाऊ इथे आरसीएफकडून खेळायचा, त्याच्याकडे मुंबईला आला आणि महिंद्रात शिरला. बर्फावर कसली हॉकी? फ्रीज उघडा ठेवून खेळायची?"

"तुमच्या लेकाला खाडीपलीकडे एस्सेलवर्ल्डच्या बर्फावर नेलं होतं ना एकदा?" मी म्हटलं.

"नेलं होतं," काकू म्हणाल्या, "तासभर कठडा धरून उभा होता. एका हातानं कठडा, दुसऱ्या हातानं माझा पदर. आणि त्याचं पोर तिकडे त्याच बर्फावर उलटं धावतं."

एस्सेलवर्ल्ड २०२२ साली बंद झालं. आता गोराईच्या जेट्टीवरून बर्फाकडे जाणारी होडी नाही.

"काकू, मल्होत्रा ऐकलाय का तुम्ही?"

"लोखंडवालातला? सिरियलमधला?"

"नाही हो, तुमच्या नातवाच्या गावचा. मिसिसागाचा मॅनी मल्होत्रा. आमच्या धाकट्या भावजींनी त्याचं इतकं पुराण सांगितलंय की मला तोंडपाठ झालंय. ते तेव्हा व्हँकुव्हरला होते."

काकूंचा दांडा थांबला. मल्होत्रा म्हटल्यावर पहिला प्रश्न यायचा तोच आला. "बाप काय करायचा?"

"रसायनशास्त्रज्ञ, आपल्याकडचा पंजाबी. आई क्वेबेकची, फ्रेंच बोलणारी. मुलाचं पूर्ण नाव इमॅन्युएल नवीन. जन्म १९८० चा."

"शास्त्रज्ञाचा मुलगा आणि हॉकी! बापानं काही म्हटलं नाही?"

आता हे बापालाच ठाऊक. पण पोरानं तिथल्या नेहमीच्या वाटेनंच नाव काढलं. ग्वेल्फ नावाच्या गावातल्या ज्युनियर संघात खेळला, कप्तान झाला आणि १९९८ साली न्यूयॉर्क रेंजर्सनी त्याला सातव्या क्रमांकावर उचलला. त्यांच्याकडे आयपीएलसारखी बोली लागत नाही. पोरं अठराची झाली की सगळे संघ एकत्र बसतात आणि पाळीपाळीनं एकेक नाव पुकारतात. ज्या संघानं नाव घेतलं तिकडे पोरानं बॅग भरून जायचं.

"म्हणजे पोराला विचारतसुद्धा नाहीत?"

"नाही."

"आम्हाला तरी कुठे विचारलं होतं," काकू म्हणाल्या. काकांनी पान उलटलं.

सातवा म्हणजे भलताच वर. सगळ्यांना वाटलं आता हा गोलांचा पाऊस पाडणार. पण न्यूयॉर्कमध्ये त्याला फारसं खेळायलाच मिळालं नाही. पुढे डॅलसला गेला, तिथेही सूर लागला नाही. २००३ साली डॅलसनं त्याला मोकळं सोडलं आणि कोलंबसनं उचललं. कोपऱ्यावरच्या गप्पांत अशा माणसाला 'वाया गेला' म्हणतात. आपल्याकडे दहावीच्या बोर्डात आलेली मुलं पुढे साधी नोकरी करताना दिसली की म्हणतात ना, तसं.

"मग?"

"मग त्यानं दुसरंच काम धरलं. त्या खेळात दर वेळी खेळ थांबला की पंच मध्ये चकती टाकतो. समोरासमोर दोघं वाकून उभे. ज्यानं ती ओढली, त्याच्या संघाचा खेळ सुरू. काका, आपल्या हॉकीत पूर्वी बुली असायची ना, तिची धाकटी बहीण समजा."

"बुली!" काकांनी पेपर खाली ठेवला. हा शब्द त्यांनी बऱ्याच वर्षांनी ऐकला असावा.

त्या चकती ओढण्यात मल्होत्राचा हात धरणारे फार थोडे होते. आपला माणूस शिक्षा भोगायला बाहेर बसलाय, संघात एक कमी आहे, सामना संपायला मिनिट उरलंय, अशा वेळी प्रशिक्षक याला पुढे करायचे. गोल करायला दुसरे होते. २०१० साली व्हँकुव्हरनं त्याला घेतलं ते यासाठीच.

आणि १६ मार्च २०११ ला चकती डोळ्यावर बसली. डावा डोळा.

"चकती म्हणजे कॅरमची?"

"रबराची, काकू. तीन इंच रुंद, एक इंच जाड, वजन दीडशे ते एकशे सत्तर ग्रॅम. उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवून ठेवतात." काकूंनी कुरडईचा गोळा हातात तोलून पाहिला आणि खाली ठेवला.

शस्त्रक्रिया झाल्या, दृष्टी बरीचशी गेली. मोसम संपला असंच सगळे धरून चालले होते. पण व्हँकुव्हर स्टॅनली कपच्या अंतिम फेरीत गेलं आणि दुसऱ्या सामन्यात हा माणूस तोंडावर पूर्ण जाळी लावून बर्फावर उतरला. आपल्याकडे रविवारची सकाळ होती. भावजींचा फोन आला तेव्हा बोलता येत नव्हतं त्यांना, ओरडून घसा बसला होता. एका मध्यमवयीन हिशेबनिसाला चकती ओढणाऱ्या माणसासाठी रडताना मी पहिल्यांदा ऐकलं.

"जिंकले?"

"सातव्या सामन्यात बॉस्टनकडून हरले. मग गावात दंगल झाली, गाड्या जाळल्या."

"कॅनडात? ते तर आपला धक्का लागला तरी स्वतः सॉरी म्हणतात ना!"

दोन वर्षांनी त्याच्या डोळ्याच्या काळजीनं संघानंच त्याला बसवलं. त्याला ते पटलं नाही. खालच्या लीगमध्ये शार्लटच्या संघात जाऊन त्यानं पुन्हा सुरुवात केली, तिथून कॅरोलायना, मग मॉन्ट्रियल. एवढ्या वर्षांत गोल ११६. सामने मात्र ९९१.

"किती?"

"नऊशे एक्क्याण्णव."

"हजार करायचे होते की गं! नऊच तर राहिले. कुणी खेळू दिलं नसतं का त्याला?"

काकूंची ही हळहळ खरीखुरी होती. मग त्यांनी बायकोची चौकशी केली. ती बास्केटबॉलवाल्या स्टीव्ह नॅशची बहीण. काकांना नॅश ठाऊक नव्हता, पण 'मोठ्या घरची सून' एवढं काकूंनी टिपून घेतलं. मल्होत्रा नंतर प्रशिक्षक झाला आणि २०२५ साली त्याच्या अ‍ॅबट्सफर्डच्या संघानं खालच्या लीगचा काल्डर कप जिंकला, हेही मी सांगितलं. ते त्यांनी फारसं ऐकलं नाही.

माझ्या मनात मात्र वेगळंच चाललं होतं. मल्होत्रा खेळला त्या वरच्या लीगमध्ये भारतीय वंशाचा पहिला खेळाडू रॉबिन बावा. तो १९८९ ला आला, ६१ सामने खेळला. आज तिकडे हॉकीचं समालोचन पंजाबीतून होतं. आपली माणसं तिकडे गणेशोत्सव दणक्यात करतात, नाटकं बसवतात आणि पोरांना पोहायला घालतात. एखादं मराठी पोर बर्फावर टिकलं, तर मला भिंतीवरून सांगायला तेवढंच एक नवीन मिळेल. स्वार्थ आहे, कबूल.

"नातू कुठल्या जागी खेळतो?" मी विचारलं.

"सेंटर म्हणे."

"मग चकती तोच ओढत असेल. किती ओढल्या ते विचारा. गोलांचं विचारू नका."

संध्याकाळी काकूंनी फोन लावला. आपले साडेसहा, तिकडे सकाळचे नऊ. मी भिंतीजवळच होते, तुळशीला पाणी घालत. आधी बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग काकूंचा आवाज वाढला, "अरे पण जिंकल्या किती? पंच टाकतो त्या?" पलीकडून पोर काहीतरी सांगत होतं, बराच वेळ सांगत होतं. काकांनी मध्येच फोन घेतला आणि बुली कशी असायची ते सुरू केलं.

नातू शनिवारी निवडीला जातोय. बुटांचा जोड तोच आहे, फक्त लेस नवीन घातलीय. काकूंना आता एकच प्रश्न छळतोय, त्या मल्होत्राचे नऊ सामने कुठे अडले.